लोकसहभाग

“बाई, आवंदा वसतिगृह हाय का न्हाई, तेवढं सांगा. टोळी परवा निघायलीय.”

शाळेच्या खालच्या पायरीवर अयोध्या उभी होती. वर आली नव्हती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती आणि सकाळपासून अशा सहा-सात जणी येऊन विचारून गेल्या होत्या. प्रत्येकीला मी सांगत होते, “सर आले की सांगतील.” आता सर समोरच खुर्चीवर बसले होते, त्यामुळे मला तेही म्हणता येईना.

आमची वाडी बालाघाटच्या डोंगरात. दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं लागायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते जमवून मुकादम टोळी करायचा आणि ऊस तोडायला कारखान्यावर घेऊन जायचा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असायची, त्यामुळे जाणं भागच. मागं लेकरांना कोण बघणार, म्हणून लेकरंही ट्रॅक्टरवर चढायची आणि उन्हाळा लागल्यावर परत यायची. तोवर शाळेचं वर्ष संपलेलं असायचं. यावर उपाय म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृहाची योजना काढली होती. लेकरं सहा महिने शाळेतच राहायची, दोन वेळचं जेवायची, आणि खर्च सरकार द्यायचं. दोन वर्षं आमच्याकडे ते बरं चाललं होतं.

अयोध्याची मुलगी कावेरी तेव्हा सातवीत होती. गणितात चांगली. धाकटा भाऊ दुसरीत.

मी सरांकडे पाहिलं. गर्जे सर आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीचं शेवटचं वर्ष. बोलणं कमी, आणि त्या काळात तर फारच कमी झालेलं.

“आहे,” सर म्हणाले. “ठेवून जा लेकरं.”

अयोध्यानं माझ्याकडे पाहिलं. बाईनं खरं म्हणावं, असं तिच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली का नाही, मला आठवत नाही. ती गेली, आणि थोड्याच वेळात बातमी वाडीभर झाली.

“सर, काल बैठकीला आपण दोघंही होतो ना?” मी विचारलं.

“होतो.”

काल तालुक्याला बैठक झाली होती. तिथं दोन सूचना मिळाल्या होत्या. पहिली, एकही विद्यार्थी स्थलांतरित होता कामा नये, झाला तर मुख्याध्यापक जबाबदार. दुसरी, राज्याच्या अंदाजपत्रकात मोठी तूट आली आहे, तिजोरीत खडखडाट आहे, शिक्षणाच्या बऱ्याच तरतुदींना कात्री लागली आहे, तेव्हा हंगामी वसतिगृहांचे पैसे येतील असं कुणी धरून चालू नये. मागून कुणीतरी विचारलं होतं, “मग लेकरं थांबवायची कशी?” साहेब म्हणाले होते, “लोकसहभागातून,” आणि पुढच्या विषयाकडे वळले होते.

“मग हो कसं म्हणालात?”

सर शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

“बिडवे मॅडम, सातवीतली पोरगी उसाच्या फडावर गेली की पहिल्या साली मोळ्या बांधते, दुसऱ्या साली तिच्या हातात कोयता येतो. आणि कोयता आला की जोडीला नवरा शोधतात. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता मोजत नाही. मला मे महिन्यात घरी जायचंय. जाता जाता आणखी एका आईला नाही म्हणायचा कंटाळा आला.”

*

टोळी गेली आणि लेकरं राहिली. दोन खोल्यांत सतरंज्या पसरल्या. एका खोलीत पोरी, दुसरीत पोरं. सरांनी त्यांच्या गावाकडून ज्वारीची पोती आणली. मीही जमेल ते दिलं, ते काही सांगण्यासारखं नाही. दुपारी शाळेच्या पोषण आहाराची खिचडी होतीच. प्रश्न रात्रीच्या जेवणाचा आणि सकाळच्या भाकरीचा होता. किराणावाल्यानं नव्या वर्षापर्यंत सामान दिलं. मग एके दिवशी तो शाळेत येऊन म्हणाला, “सर, सरकार देईल तेव्हा द्या असं मी किती दिवस म्हणू? माझा व्यापारी सरकार नाही.” त्याचं काही चुकलं नव्हतं.

स्वयंपाक करायला पारूबाई होती. अयोध्याची सासू, कावेरीची आजी. वाळक्या अंगाची, कमरेत वाकलेली, पण तिच्या हातावर भाकरी अशी फिरायची की बघत राहावं. आधीच्या दोन वर्षांत तिला मानधन मिळायचं. “आवंदा काही मिळायचं नाही,” असं मी तिला आधीच सांगितलं होतं.

“मपल्याच नातवंडांला रांधायचं अन् वर पैकं मागायचं का?” ती म्हणाली होती.

किराणा बंद झाल्यावर पारूबाई पदरात ज्वारी बांधून आणू लागली. टोळीवर जाताना लेक-सून म्हाताऱ्या माणसांसाठी हंगामभराचं धान्य भरून ठेवून जातात, त्यातली.

“घरी पडलीय की, बाई. मी एकली म्हातारी. माझं चिमणीचं पोट, खाऊन खाऊन खाणार किती?”

तिचं पाहून बाकीची म्हातारी माणसंही आणू लागली. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी हुलगे, कुणी वाळलेली भेंडी. आम्हाला फार बरं वाटलं. सकाळच्या परिपाठाला मी फळ्यावर खडूनं त्यांची नावं लिहायचे. लेकरं टाळ्या वाजवायची. पारूबाई चुलीपाशी बसून पदर तोंडाला लावून हसायची.

लेकरं जेवायला बसली की मी म्हणायचे, “पारूबाई, तुम्हीही बसा.”

“तुमचं लेकरांचं आळणी. मला ठेचा लागतो. घरी जाऊन खाते.”

ती भांडी घासून, चूल सारवून, हात पुसत घरी जायची. कावेरी दारापर्यंत सोडायला जायची. मी त्या महिन्यांत बऱ्याचदा शाळेतच मुक्काम करायचे. तालुक्याला घरी गेले की नवरा म्हणायचा, “राज्य चालवायचं काम तुझ्याकडे आलंय का?” मी जेवून झोपून जायचे. उत्तर द्यायलाही अंगात काही उरलेलं असावं लागतं.

*

जानेवारीच्या शेवटी जिल्ह्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की या वाडीत निधी नसताना वसतिगृह चालू आहे. आधी आम्ही घाबरलो. मंजुरी नसताना लेकरं ठेवणं नियमात बसत नव्हतं.

पण साहेब खूश झाले. माणूस वाईट नव्हता. मांडी घालून लेकरांच्या पंगतीत बसले. त्या दिवशी वाडीनं जीव ओतून स्वयंपाक केला होता. पिठलं, भाकरी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. लेकरं तेल लावून, भांग पाडून बसली होती. साहेबांनी कावेरीला पाढे विचारले, तिनं एकोणतीसचा घडाघडा म्हटला. त्यांनी फळ्यावरच्या नावांचा फोटो काढला. पारूबाईचा चुलीपुढे काढला.

“सर, हे तुम्ही कसं केलंत?” साहेबांनी विचारलं.

“लोकांनी केलं,” गर्जे सर म्हणाले.

“हेच! हेच मला हवं होतं. जो उठतो तो निधी नाही म्हणून रडतो. मार्चच्या आधी मी जिल्ह्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांची कार्यशाळा घेतो. तुम्ही येऊन बोलायचं. आपण हा प्रयोग जिल्हाभर नेऊ. मंत्रालयात पण कळवतो.”

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत सर रस्त्याकडे बघत राहिले.

“काय झालं सर?”

“मॅडम, आपण पैशाशिवाय चालवून दाखवलं,” सर म्हणाले. “आता पैसे कशाला देतील?”

*

त्यानंतर पंधराएक दिवसांत पारूबाई चुलीपाशी पडली. भाकरी थापता थापता एका अंगावर कलली. हात पिठाचे तसेच. कावेरीनं किंचाळून मला बोलावलं. जीपमधून आम्ही तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथली डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं पारूबाईचे डोळे पाहिले, दंड चिमटीत धरून पाहिला.

“आजी जेवतात ना नीट?”

“आज्जी घरी खाती,” कावेरी म्हणाली.

“घरी कोण असतं?”

कावेरीनं माझ्याकडे पाहिलं. घरी कुणीच नसायचं. ती स्वतः शाळेत झोपायची.

“यांना आजार काही नाही,” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली. “बरेच दिवस पोटात काही नाहीये. मॅडम, तुम्ही शाळेत आहात ना? लक्ष नव्हतं का कुणाचं?”

सलाईन चालू असताना मी तिचे कपडे आणि पांघरूण आणायला वाडीत आले. किल्ली कावेरीनं दिली होती. घर झाडलेलं, नीटनेटकं. धान्याच्या कणगीचं झाकण काढून मी हात घातला तो पार तळाला लागला. मग चुलीकडे गेले. चुलीतली राख थंड तर होतीच. चुलीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. एका दिवसात धरलं जाईल असलं ते जाळं नव्हतं.

मी तिथंच खाली बसले. मग उठून शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेले आणि म्हणाले, “बाबा, तुमची कणगी दाखवा.” तो हसला, म्हणाला, “कणगी काय बघायची असती का बाई?” पलीकडची म्हातारी चिडली, “दिल्यालं परत द्यायला आलाव का?” कुणाची अगदी रिकामी, कुणाच्या तळाशी थोडीफार. सगळीच दिवसातून एकदाच जेवत होती. माझ्या हातांना फळ्यावर नावं लिहिलेल्या खडूचा वास येतोय असं वाटून मी ते पुन्हा पुन्हा धुतले.

रुग्णालयात परतले तेव्हा पारूबाईला शुद्ध आली होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

“घर उघडलंत का?”

“हो.”

“लेकाला कळवू नका, बाई. टोळी सोडून आला तर मुकादम सोडायचा न्हाई. अन् सुनंलाबी नका सांगू. ती लेकरं घेऊन जाईल.” मग ती म्हणाली, “सातवी झाली का हो पुरी आमच्या पोरीची?”

“एप्रिलमध्ये होईल.”

“मग एप्रिलपोतर बोलू नका.”

मी शब्द दिला.

*

कार्यशाळेला गर्जे सरांनी मला सोबत नेलं. सभागृहाबाहेर चहाच्या रांगेत एका मुख्याध्यापकांनी सरांना गाठलं.

“तुम्हीच का ते गर्जे? लई उपकार केलेत. आता आमच्या पण गळ्यात लोकसहभाग.”

सर म्हणाले, “हो.” एवढंच.

साहेबांनी सुरुवातीलाच पडद्यावर आमच्या शाळेचे फोटो दाखवले. पंगत, लाडू, फळ्यावरची नावं. शेवटी पारूबाई, चुलीपुढे, हसताना. “राज्याची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “पण इच्छा असेल तर पैशावाचून काही अडत नाही. ही आजीबाई बघा. हिच्याकडे कुठलं अंदाजपत्रक होतं?”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. सरांना शाल आणि नारळ मिळाला. ते माइकपुढे उभे राहिले. मला माहीत होतं की त्यांना सगळं सांगायचंय. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, “साहेबांचे आभार,” आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. शाल मांडीवर घेतली.

“नाही जमलं,” ते हळूच म्हणाले.

मी उठले. पारूबाईला दिलेला शब्द लेक-सुनेपुरता होता, असं मी मनाशी म्हटलं. माझं नाव कार्यक्रमात नव्हतं. साहेबांना वाटलं मी चार शब्द कौतुकाचे बोलणार. त्यांनी हसून माइककडे हात केला.

“लोकसहभाग म्हणजे कोणते लोक, ते मी सांगते,” मी म्हणाले. आवाज माझाच आहे का, असं मला वाटलं. “दिवाळीनंतर आमच्या वाडीत लोक राहतच नाहीत. उरतात ती लेकरं आणि म्हातारी माणसं. लेकरं आम्ही दोन वेळ जेवू घातली, हे खरं आहे. पडद्यावर ज्या आजी आहेत ना, त्या लाडवांच्या पंगतीनंतर पंधरा दिवसांनी चुलीपाशी पडल्या. त्यांच्या घरची चूल बंद होती. त्यांच्या वाटणीचं धान्य शाळेत येत होतं, आणि आम्ही त्याला टाळ्या वाजवत होतो. अंदाजपत्रक नव्हतं असं नाही साहेब. सरकारची तूट होती, ती त्यांच्या पोटातून भरून निघाली.”

मी खाली उतरले.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी मला बाजूला बोलावलं. ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते.

“मॅडम, हे तुम्ही मला केबिनमध्ये सांगायला हवं होतं.”

“केबिनमध्ये सांगितलं असतं तर काय केलं असतंत, साहेब?”

त्यांनी खरंच थोडा विचार केला.

“ऐकून घेतलं असतं,” ते म्हणाले. “वरून मला मिळत नाही ते मी कुठून देऊ? तुम्हीच सांगा.”

तिकडे तो चहाच्या रांगेतला मुख्याध्यापक रुमाल पसरून टेबलांमधून फिरत होता. आमच्या लेकरांसाठी वर्गणी. जाताना त्यानं ती सरांच्या हातात कोंबली आणि निघून गेला. म्हटलं तर तोही लोकसहभागच. त्यावर आणि उरलेल्या ज्वारीवर टोळ्या परत येईपर्यंतचे दिवस निघाले. पारूबाईला मी शाळेतच जेवायला बसवत होते. ती एक भाकरी खायची आणि दुसरीला हात आडवा करायची.

कार्यशाळेहून परतताना एसटीत सर म्हणाले होते, “बरं झालं तुम्ही बोललात.” दोन आठवड्यांनी त्यांना नोटीस आली. मंजुरी नसताना वसतिगृह चालवून विद्यार्थ्यांचं आणि ग्रामस्थांचं आरोग्य धोक्यात का घातलं, याचा खुलासा करा. खुलासे-प्रतिखुलाशांत त्यांचं पेन्शन बरेच महिने अडकलं. मी भेटायला गेले की ते शेताच्या गोष्टी बोलायचे. शाळेबद्दल एकदाही विचारलं नाही.

*

पुढच्या दिवाळीनंतर शाळेचा कार्यभार माझ्याकडे होता. वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवून झाला होता, मंजुरी आली नव्हती. जिल्हाभर लोकसहभागाचा विषय निघाला नाही, एवढं मात्र झालं. त्या जागी काही आलंही नाही.

अयोध्या आली. या वेळी ती पायऱ्या चढून वर आली.

“गेल्या साली केलंत तसं आवंदाबी करा, बाई. कावेरी आठवीत हाय.”

एप्रिल कधीच होऊन गेला होता. मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. कणगी, चूल, रुग्णालय. माझं संपलं तरी ती जमिनीकडे बघत होती.

“आम्ही आलाव तवा कणगी मोकळी दिसली,” ती शेवटी म्हणाली. “आत्याबाई म्हनल्या, किडं लागलं, टाकून दिलं. मी त्यास्नी बोलले बाई. लई बोलले. ध्यान देता येत न्हाई का म्हून.”

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

“मंग आवंदा?”

“नाही,” मी म्हणाले. “आवंदा नाही जमायचं, अयोध्या.”

ती उठली. पदर नीट केला. “तुमचं बराबर हाय,” म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

त्या साली त्यांनी मागं कुणालाच ठेवलं नाही. पारूबाईला ट्रॅक्टरवर गादी टाकून बसवलं, तिच्या एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला धाकटा. घराला कुलूप लागलं. अशी कुलपं त्या साली पुष्कळ लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी वसतिगृहाच्या मंजुरीचा आदेश आला. रक्कम चालू हंगामासाठी होती आणि मार्चअखेर खर्च करायची होती, नाहीतर परत. लेकरं फडावर होती. रक्कम परत गेली.

कावेरी परत वर्गात कधी बसली नाही. पण आदेश आला त्याच आठवड्यात एका दुपारी तिचा फोन आला होता, मुकादमाच्या मोबाइलवरून. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“मॅडम, आठवीला काय चाललंय?”

“समीकरणं.”

“अवघड हाय का?”

“तुला नसती गेली.”

तिनं तिकडे कुणाला तरी थांबायला सांगितलं.

“आज्जी कशी आहे?” मी विचारलं.

“आज्जी? ब्येस हाय. अंगानं भरली.” कावेरीचा आवाज एकदम मोठ्या बाईसारखा झाला. “मी सोमोर बसते अन् खाऊ घालते. न्हाई म्हनली तर मीबी जेवत न्हाई म्हनते. मग खाती गपगुमान. दोन भाकरी खाती, मॅडम. दोन.”

कुणीतरी तिला हाक मारली. “आले,” ती म्हणाली, मला की त्यांना ते कळलं नाही, आणि फोन बंद झाला.